पाण्याच्या मागे मागे : मुलांची पुण्याची सहल

दिवाळीची सुटी संपली की शाळेतून सहलीची चिठ्ठी येते. मुलगा म्हणतो, "बाबा, आमची सहल पुण्याला चालली आहे. पैसे भरायचे आहेत." बाप म्हणतो, "पुण्यात काय पाहायचंय? माणसं आणि मोटारी!" आजी म्हणते, "पोरगा जाऊ दे एक वेळ. पोरीला कशाला पाठवायचं?"

वाचक बंधुभगिनींनो, तुमच्या घरातही हे बोलणे झाले असेल. पैसा कष्टाचा असतो. तो कशावर खर्च करायचा हे विचारण्याचा तुम्हाला पुरा हक्क आहे. म्हणून सहलीत मूल काय शिकते, ते या पाठात पाहू.

पुस्तकात लिहिलेले मूल वाचते. पण डोळ्यांनी पाहिलेले, पायांनी चाललेले आणि हाताने चाचपलेले ते जन्मभर विसरत नाही. मात्र सहल नीट आखली पाहिजे. एका दिवसात वीस ठिकाणे पळत पळत पाहिली, तर मुलांच्या डोक्यात गोंधळ उरतो. घरी आल्यावर विचारा, काय पाहिलेस? ते म्हणते, "भेळ खाल्ली." भेळ खावी, पण तेवढीच आठवण राहू नये.

मी पुष्कळ वर्षे शाळेत काम केले. मुलांच्या सहली नेल्या. मला एक युक्ती चांगली वाटते. सहलीला एक धागा धरावा. पुण्याची सहल असेल तर पाण्याचा धागा धरावा. डोंगरावर पडलेले पाणी शहरात कसे आले? ते कोणाला मिळाले? कोणाला मिळाले नाही? या पाण्याच्या मागे मागे चालत गेले की निसर्गही दिसतो, इतिहासही कळतो आणि माणसेही समजतात. चला तर, आपणही मुलांबरोबर निघू.

कात्रजचे तलाव

पुण्याच्या दक्षिणेला कात्रजचा घाट आहे. तिथल्या डोंगरावर पाऊस पडतो. ते पाणी उतरून ओढ्याला मिळते. त्या ओढ्याचे नाव आंबिल ओढा.

सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी पुण्यात नानासाहेब पेशवे कारभार करत होते. पुणे वाढत होते. नवीन पेठा वसत होत्या. माणसे वाढली, घोडे वाढले, बैल वाढले. मग पाणी कमी पडू लागले. तेव्हा कात्रजला ओढ्यावर बांध घालून दोन तलाव केले. एक वर, एक खाली.

दोन कशाला? इथे खरी हुशारी आहे. पावसाचे पाणी माती घेऊन येते. वरच्या तलावात ते थांबते. माती तळाशी बसते. वरचे निवळलेले पाणी खालच्या तलावात जाते. आपण घरी गढूळ पाणी हंड्यात ठेवून निवळू देतो आणि वरचे अलगद ओतून घेतो, तसेच हे.

खालच्या तलावातून पाणी जमिनीखालच्या नळात सोडले. हा नळ लोखंडाचा नव्हता. दगड आणि चुना यांनी बांधलेला तो एक बोगदाच होता. साफ करायला माणसाला आत शिरता येईल एवढा मोठा. वाटेत ठिकठिकाणी त्याला उंच दगडी धुराड्यांसारखी बांधकामे होती. त्यांना 'उच्छ्वास' म्हणतात. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर जाई. तळाशी गाळ साचे, तो काढता येई.

आठ-दहा किलोमीटरची ही वाट. पंप नव्हता, वीज नव्हती. मग पाणी पुढे कसे गेले? कात्रज उंचावर आहे आणि पुण्याच्या पेठा सखल भागात आहेत. नळाला सतत थोडा थोडा उतार दिला होता. उतार जास्त झाला तर पाणी जोराने वाहून बांधकाम फोडते. कमी झाला तर ते थबकते. आठ-दहा किलोमीटर तो बेताने सांभाळणे हे सोपे काम नाही. ज्या गवंड्यांनी ते केले, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. पण त्यांचे काम राहिले आहे.

कात्रजला आता राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. मुलांना वाघ, साप आणि हरणे पाहायची असतात. ती जरूर दाखवावीत. बुधवारी ते बंद असते, हे लक्षात ठेवावे. पण प्राणी पाहून झाले की मुलांना तलावाकडे वळवावे आणि सांगावे, "बाळांनो, हे नुसते तळे नाही. पुण्याची जुनी घागर आहे ही."

पर्वती

कात्रजहून शहराकडे आले की पर्वतीची टेकडी लागते. १०३ पायऱ्या आहेत. मुले धावत चढतात. मोठ्यांनी दम खात चढावे.

टेकडीवर नानासाहेबांनी १७४९ साली देवदेवेश्वराचे मंदिर बांधले. पुढे १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला. नानासाहेब खचले. त्याच वर्षी त्यांनी पर्वतीवरच देह ठेवला.

देवदर्शन झाले की मुलांना कठड्याशी उभे करावे. खाली सगळे शहर दिसते. मागे डोंगर, पुढे घरे, दूर नदीची झाडे. हवा स्वच्छ असेल तर सिंहगडही दिसतो. कागदावरचा नकाशा मुलांना कळत नाही. इथे उभे राहिले की लगेच कळतो. डोंगर कुठे, उतार कुठे, नदी कुठे, हे मुलांनीच बोट करून दाखवावे.

खाली हिरवीगार सारसबाग दिसते. तिच्या मधोमध गणपतीचे देऊळ आहे. जुने लोक त्याला 'तळ्यातला गणपती' म्हणतात. पण तळे कुठे आहे? विचारा मुलांना. तिथे खरोखरच मोठे तळे होते. आंबिल ओढ्याला बांध घालून ते केले होते. तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळी, १७८४ साली, गणपतीची स्थापना झाली. पुढे तळे गेले आणि तिथे बाग झाली. नावात मात्र तळे राहिले. गावांची, वाड्यांची, देवांची नावे नीट ऐकावीत. त्यांत जुनी हकिकत लपलेली असते.

ओढ्याची वाट माणसाने बदलली. काठावर घरे उठली. लोक ओढ्याला गटार समजू लागले. पण पाणी आपली वाट विसरत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज बाजूला जोराचा पाऊस झाला. आंबिल ओढ्याला पूर आला. भिंती पडल्या, घरे बुडाली, झोपलेली माणसे दगावली. त्यांतली बरीचशी हातावर पोट असलेली होती. ही हकिकत मुलांना सांगावी. भीती घालण्यासाठी नव्हे, तर समज येण्यासाठी. ओढा कोरडा दिसला म्हणून तो मेला असे समजू नये. त्याच्या पोटात घर बांधू नये, आणि बांधायची पाळी कोणावर येऊ देऊ नये.

जोतिरावांचा हौद

पर्वती उतरून पेठांकडे आले की फुलेवाडा लागतो. महात्मा जोतिराव फुले आणि सावित्रीबाई यांचे हे घर. साधे आहे, लहान आहे. पण या सहलीत सर्वांत जास्त वेळ इथे थांबावे, असे माझे मत आहे.

आतापर्यंत आपण पाणी शहरात कसे आले ते पाहिले. आता ते कोणाला मिळाले ते पाहायचे. शहरात हौद होते, विहिरी होत्या. पण ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांना त्यांवर पाणी भरू देत नसत. पाणी समोर दिसे, पण हात लावण्याची बंदी. उन्हाळ्यात बाया रिकामी घागर घेऊन दूर उभ्या राहत. कोणी वरून ओतले तर पाणी, नाही तर तहान.

डोंगराने पाणी देताना जात विचारली नाही. ओढ्याने विचारली नाही. माणसाने मात्र विचारली.

जोतिरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद या लोकांना खुला केला. म्हणाले नुसते नाही, करून दाखवले. त्या काळी हे करायला केवढी छाती लागली असेल! आपलेच नातलग, आपलेच शेजारी तोंड फिरवतात, तेव्हा माणूस डगमगतो. जोतिराव डगमगले नाहीत.

याच दांपत्याने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. ती भिडे यांच्या वाड्यात भरे. सावित्रीबाई शिकवायला जात, तेव्हा लोक त्यांच्या अंगावर शेण आणि दगड टाकत. तरी त्या गेल्या. भिडेवाडा पडीक झाला होता. २०२३ साली तो उतरवण्यात आला, आणि त्या जागी स्मारक करायचे ठरले.

आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी. १८५५ साली जोतिरावांनी शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर राबून आलेली मोठी माणसे तिथे पाटीवर अक्षरे गिरवीत. आज तुम्ही हे पुस्तक हातात धरले आहे. ती रात्रीची शाळा आणि तुमचा हा वर्ग यांचे नाते जवळचे आहे. तुमचे मूल फुलेवाड्यातून परत आले की त्याला हे सांगा. म्हणा, "तू पाहून आलास ना? त्याच वाटेने मी चाललो आहे."

बाहुलीचा हौद

फुलेवाड्याहून मंडईकडे यावे. मंडईची जुनी दगडी इमारत १८८६ सालची आहे. पूर्वी तिला एका इंग्रज गव्हर्नराचे नाव होते. आता ती महात्मा फुले मंडई आहे. कांदे-बटाटे, पालेभाज्या, गलका, घासाघीस, सगळे पूर्वीसारखे चालू आहे. आता तिच्या खालून मेट्रोही जाते. मुलांनी इथे भाव विचारावेत. आपल्या गावची भाजी इथे काय भावाने विकते, हे शेतकऱ्याच्या मुलाला कळले पाहिजे.

मंडईपासून शनिवारवाड्याकडे जाताना फरासखान्याजवळ एक हौद आहे. त्याला बाहुलीचा हौद म्हणतात. कात्रजचे पाणी इथपर्यंत येई. हा हौद डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी बांधला. ते नावाजलेले शस्त्रवैद्य होते आणि जोतिरावांचे सहकारी होते.

त्यांना काशी नावाची मुलगी होती. मुलीने शिकावे हे त्या काळी लोकांना रुचत नव्हते. घोल्यांनी कोणाचे ऐकले नाही. काशीला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवले. पण पोर लहानपणीच गेली. बापाचे काळीज फाटले. त्यांनी लेकीच्या आठवणीसाठी हौद बांधला आणि त्यावर लहान मुलीची मूर्ती बसवली. लोक तिला बाहुली म्हणू लागले. म्हणून हा बाहुलीचा हौद. तो सगळ्या जातींच्या लोकांसाठी होता.

कित्येक माणसे रोज या रस्त्याने जातात. हौदाकडे मान वळवून कोणी पाहत नाही. पण ज्या आजीने 'पोरीला कशाला पाठवायचं' असे म्हटले, तिने एकदा ही हकिकत ऐकावी. मग तीच नातीच्या पिशवीत दशम्या बांधून देईल.

शनिवारवाडा आणि तांबट आळी

पुढे शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, त्याचा पाया घातला. दोन वर्षांनी वास्तुशांत झाली. नानासाहेबांच्या काळात कात्रजचे पाणी या वाड्यापर्यंत आले. वाड्यात कारंजी उडत. पंपाशिवाय पाणी वर कसे उडे? पाणी उंचावरून बंद नळातून आले की पुन्हा वर चढू पाहते. गवंडी पायाची पातळी पाहताना रबरी नळीत पाणी भरतो. नळीच्या दोन्ही तोंडांत पाणी एकाच उंचीवर राहते. कारंज्याचे तत्त्वही तेच.

१८२८ साली वाड्याला आग लागली. ती कित्येक दिवस जळत होती. लाकडाचे मजले, नक्षीचे खांब, सगळे राख झाले. आज उरले आहेत तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. मुले विचारतात, "गुरुजी, राजवाडा कुठे आहे?" त्यांना जोत्यावर उभे करावे आणि डोळे मिटून वाडा मनात उभा करायला सांगावे. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर मोठे अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने धडक मारून दार फोडू नये म्हणून ते ठोकले. हे मुलांना फार आवडते.

जवळच कसबा पेठ आहे. हे जुने पुणे. इथल्या गणपतीच्या देवळाशी जिजाऊंचे नाव जोडलेले आहे. तो पुण्याचा ग्रामदेव. त्याच भागात तांबट आळी आहे. आळीत शिरण्याआधीच ठक् ठक् आवाज कानावर येतो. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचा ठोका पडत असतो. या कामाला मठारकाम म्हणतात. एका शेजारी एक सारखे ठोके पडले की भांडे मजबूत होते आणि चकाकते. एक ठोका चुकला तर तो दिसतो.

इथे काय घडत आले? हंडे, घागरी, कळश्या, बंब. पाहिलेत ना, पाण्याचा धागा इथेही आला. पाणी आणणारा गवंडी आणि पाणी साठवणारे भांडे घडवणारा तांबट, दोघांशिवाय शहराची तहान भागत नव्हती. पुढे स्टील आले, प्लास्टिक आले. तांबटांचे काम कमी झाले. तरी काही घरांनी धंदा सोडला नाही.

मुलांना कारागिरापुढे पाच मिनिटे शांत बसवावे. त्याच्या कामात लुडबूड करू नये. मग नमस्कार करून विचारावे, "काका, हे शिकायला किती वर्षे लागली?" उत्तर मुलांनी वहीत लिहून घ्यावे. इतिहास राजवाड्यात असतो, तसा हातोडीतही असतो.

नदी

शेवटी नदीवर यावे. पुण्यात मुळा आणि मुठा यांचा संगम होतो. तिथून मुळामुठा निघते, ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला.

पुढे कात्रजचे पाणी पुरेना. म्हणून इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण झाले. स्वातंत्र्यानंतर त्याच्या वरच्या बाजूला पानशेतचे धरण बांधायला घेतले. ते अजून पुरते झाले नव्हते, तोच १२ जुलै १९६१ रोजी फुटले. ते पाणी खाली आले आणि खडकवासल्याचे धरणही फुटले. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. कच्च्या विटांचे वाडे मातीसारखे विरघळले. हजारो कुटुंबे उघड्यावर आली. आणि गंमत पाहा, कसली गंमत, दैवाची थट्टाच ती! सगळीकडे पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही. कारण ज्या धरणातून नळाला पाणी येई, तेच रिकामे झाले होते.

नंतर दोन्ही धरणे पुन्हा बांधली. आज पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी मिळते. ते पाणी जिथे साठते, तिथे पूर्वी गावे होती, शेते होती. शहरातल्या माणसाने तोटी सोडताना त्या गावांची आठवण ठेवावी.

नदीचे पाणी आज कसे आहे ते मुलांनी स्वतः पाहावे. फेस, कचरा, वास. वर स्वच्छ असलेले पाणी शहरातून जाताना असे होते. हे घाण पाणी पुढच्या गावांकडे वाहत जाते. तिथेही शेते आहेत, गुरे आहेत, मुले आहेत. मुलांना एवढेच विचारावे, "आपण खालच्या गावात राहत असतो तर?" उत्तर त्यांनाच शोधू द्यावे.

मूल घरी आले की

सहलीचा अर्धा भाग घरी होतो. मूल दमून येते. त्या रात्री झोपू द्यावे. दुसऱ्या दिवशी जवळ बसवून सगळे ऐकावे. "बरं बरं" म्हणून उठून जाऊ नये. त्याने वहीत लिहिले असेल, तर ते तुम्ही स्वतः वाचून पाहावे. आता तुम्हाला वाचता येते. मुलाचे लिहिणे आईबापाने वाचावे, यासारखा दोघांनाही दुसरा आनंद नाही.

मग मुलाला घेऊन आपल्या गावात फिरावे. आपल्या गावालाही डोंगर असेल, ओढा असेल, आड असेल. आड कोणी खणला? त्यावर पूर्वी कोण पाणी भरी आणि कोणाला मनाई होती? आज सगळ्यांच्या घरी पाणी पोचते का? म्हाताऱ्या माणसांना विचारावे. त्यांच्याजवळ पुष्कळ माहिती असते. ती त्यांच्याबरोबर जाण्याआधी लिहून ठेवावी.

पुण्याला जाऊन आलेल्या मुलाने आपल्या गावचा आड नव्या डोळ्यांनी पाहिला, तर सहलीचा पैसा वसूल झाला म्हणून समजा.

सांगा पाहू

१. कात्रजला एका ऐवजी दोन तलाव का केले?
२. पंप नसताना पाणी शहरापर्यंत कसे आले?
३. 'तळ्यातला गणपती' हे नाव कसे पडले?
४. जोतिरावांनी १८६८ साली काय केले? त्यासाठी धीर का लागला?
५. तुमच्या गावात पाणी कोठून येते? ते सगळ्यांना सारखे मिळते का? पाच ओळी लिहा.